गाडीले आतून आंघोळ

गाडी तापली का माणूस पहिले उन्हाले शिव्या देते, मंग चढावाले, मंग माल भरणाऱ्याले, अन् सगळ्यात शेवटी मिस्त्रीले. रेडिएटरचं नाव कोणी घेत नाही. तो समोरच्या जाळीमागं गपचूप बसून सगळ्या इंजिनाचा ताप सोसून राहिला असते, अन् हे लेकाचे त्याच्याकडे कधी वाकून पाहतही नाहीत. माझी अर्धी हयात त्या रेडिएटरच्या तोंडात डोकं घालून गेली. सौंसरच्या रोडवर माझं गॅरेज आहे. आता पुतण्या चालवते, अन् मी बाहेरच्या बाकड्यावर बसून त्याच्या चुका काढतो. याले लोक रिटायर होणं म्हणतात.

दिवाळी अंकवाल्या बाईंचा फोन आला तव्हा मी साफ सांगितलं, "बाई, मले लिहिता येत नाही, नुसतं बोलता येते." त्या म्हणाल्या, "मंग बोलता तसंच लिहा." हे ऐकून आमची मंडळी कपाळाले हात लावून बसली. म्हणे, "घरातल्याइले पुरत नव्हतं म्हणून आता छापून वाटणार!" तर वाचणाऱ्याहो, दोष द्याचा असन तर बाईंले द्या.

मी मूळचा पांढुर्ण्याचा. आमचा मुलूख असा का राहाचं मध्य प्रदेशात, अर्ज कराचा हिंदीत अन् शिव्या द्याच्या मराठीत. पांढुर्णा आता जिल्हा झाला, पण रस्त्यातल्या खड्ड्याइले ते अजून कोणी कळवलं नाही. बायको सावरगावची. मधी फक्त जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठाहून पांढुर्णा अन् सावरगाव एकमेकाले गोटे मारतात, ते गोटमारीचं तुम्ही ऐकलं असनच. माझे साळे वर्षभर मले "भाटवे, भाटवे" करून चहा पाजतात. पण हातात गोटा आला का माणसाचा काय भरोसा? म्हणून मी धंदा सौंसरले टाकला.

आता धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढचं समजन. इंजिनात डिझेल जळते. जळते मतलब आत आग असते. त्या आगीभोवती लोखंडात बारक्या गल्ल्या असतात. त्याच्यातून पाणी फिरते, ताप उचलते, समोर रेडिएटरमध्ये येऊन हवा खाते अन् थंड होऊन परत कामाले लागते. हे पाणी साधं नको, त्यात कूलंट पाहिजे. कूलंट गंज चढू देत नाही अन् पाणी लवकर उकळू देत नाही. पण तेही म्हातारं होते. दोन-तीन सालात ते काढाचं, आतून धुवाचं अन् नवीन भराचं. संपली विद्या. एवढं सांगाले मले एक मिनिट लागते, अन् लोकाइले समजाले एक इंजिन.

कारण पिकप घेतली का लोक समजतात, डिझेल टाकलं म्हणजे तिचं जेवण झालं अन् विहिरीचं पाणी टाकलं म्हणजे तहान भागली. आमच्या विहिरीचं पाणी असं का भांड्यात उकळलं तरी पांढरा थर बसते. तोच थर रेडिएटरच्या नळ्यात बसते. एकानं तर नाल्यातच डबा बुडवून पाणी भरलं. मी खालचं बूच काढलं, त्यातून मासोळी निघाली. शिजलेली. तो म्हणे, "मले वास येयाचा उस्ताद, मी समजलो बायकोनं डब्यात देल्ली असन."

दुसऱ्याचा रेडिएटर गळत होता तर त्यानं त्यात मूठभर हळद टाकली. ही आमच्या इकडची जुनी खोड आहे. हळद फुगते, भोक बुजते, गाडी घरी पोचते, हे खरं आहे. पण मंग ती आतल्या चांगल्या नळ्याही बुजवते. मी त्याले म्हटलं, "अबे, हळद कायले टाकली?" तो म्हणे, "जखमेले लावतातच ना?" मी म्हटलं, "जखमेले लावतात बे. तू तर आतड्यात भरली."

अन् एक होता नवरदेव. लग्न चार दिवसावर, अन् हा उकळत्या गाडीचं बूच उघडाले निघाला. मी इकडून बोंबलून राहिलो, "हात नको लावू, हात नको लावू!" त्यानं लावला. वाफ अशी आली का माणूस वाचला पण एक भुवई गेली. लग्नात बहिणीनं काजळानं काढून देल्ली, ती घामानं गालावर आली. नवरी अंतरपाटाच्या पलीकडून हसली ते अजून हसूनच राहिली आहे, म्हणजे संसार चांगला चालला. पण तुम्ही हा उपाय करू नका. गाडी थंड होऊ द्या, मंग बूच उघडा. घाई असन तर लग्न पुढं ढकला.

हे सगळं सांगून सांगून माझा घसा बसला, पण धुवाले गाडी कोणी आणेना. मंग मले एका सालाले सुचलं. पोळा जवळ आला होता. बाजारात शेतकरी बैलासाठी बेगड, झुली, घुंगरं घेऊन राहिले होते. मी तिथंच उभं राहून म्हटलं, "अजी, पोळ्याले बैल धुता ना? आता बैलाचं काम कोण करते? पिकप. मंग तिले आंघोळ नको? वरून तर रोज घालता, सालातून एकदा आतून घाला. गाडी म्हणजे तुमचा बैलच समजा!"

अन् काय सांगू राजेहो, जे माझ्या अकलेनं झालं नव्हतं ते पोळ्याच्या नावानं झालं. पोळ्याच्या आठ दिवस आधीपासून गॅरेजसमोर पिकप लागाले लागल्या. दरसाल काही कूलंट बदलाव लागत नाही, ज्याचं चांगलं असन त्याले मी पाहून परत पाठवत होतो. पण पाहाले तर आणू लागले! मी मनातल्या मनात लय फुगलो. आपण हुशार आहो असं वाटाले लागलं का समजाचं, आता कुठंतरी बांबू बसणार.

तो बसला तुळशीरामजीच्या रूपानं.

तुळशीरामजी लोधीखेड्याकडचे. जुना शेतकरी, संत्र्याची थोडी बाग, बाकी वावरात फुलकोबी अन् कपाशी. त्याइचे दोन बैल होते, बादल अन् राजा. ते बैल सौंसरच्या पोळ्यात तोरणाखाली उभे राहिले का लोक बाकीच्याइचे पाहणं सोडून देत. पोरगा प्रमोद. कामाले वाघ, डोक्यानं तापट. त्यानं दोन्ही बैल विकले अन् पिकप घेतली. तसं पाहिलं तर चूक काहीच नव्हती. कोबी बैलबंडीत घालून नागपूरले नेता येते का? पण बैल दारातून गेले त्या दिवसापासून बुढा पोराशी बोलला नाही.

बोलला नाही म्हणजे अबोल्यात बसला असंही नाही. प्रमोदले काही सांगाचं असन तर तो म्हशीले सांगे. प्रमोद जवळ असला का हा म्हशीच्या कानाशी, "आज संत्र्याले पाणी सोडाव लागते वं," म्हणे. प्रमोदही तसाच. तोही म्हशीलेच जवाब दे, "सोडलं सकाळीच." असं सालभर चाललं. त्या म्हशीले घरातलं सगळं मालूम झालं होतं. पिकपमध्ये तर बुढा एकदाही बसला नाही. सौंसरच्या बाजारात येयाचं तर बसनं, नाहीतर पायदळ. पोराची गाडी बाजूनं गेली का हा नाल्याकडे तोंड करून उभा राहे.

पोळ्याच्या दिवशी माझं गॅरेज बंद असते. सकाळी पाने-पकडीले हळदकुंकू लावलं, शटर ओढाले गेलो, तर समोरून ट्रॅक्टर येऊन राहिला अन् त्याच्या मागं दोरानं बांधलेली प्रमोदची पिकप. बोनटमधून वाफ निघत होती. कोबी तो दुसऱ्या गाडीत टाकून नागपूरले पाठवून चुकला होता, पण त्याचा चेहरा इंजिनापेक्षा जास्त तापला होता.

"उस्ताद, आजच्या दिवस पाहून द्या. काटा एकदम लालमध्ये गेला."

"अबे, आज पोळा आहे. आज कोणी गाडी जुतते का?"

"कोबीले पोळा समजते का?" तो म्हणे.

ते बराबर होतं. मी गाडी थंड होऊ देल्ली. मंग फडकं धरून रेडिएटरचं बूच काढलं अन् उलटं करून पाहिलं. बुचाले खालून पिवळी, घट्ट, चिकट साय लागली होती.

ही साय काय असते ते सांगतो. इंजिनाच्या वरच्या भागाले हेड म्हणतात. हेड अन् खालचं इंजिन याच्या मधात एक पातळ पत्रा असते, गॅस्केट. इंजिनाचं तेल एका गल्लीतून फिरते, पाणी दुसऱ्या गल्लीतून, अन् मधात पहारा त्या पत्र्याचा. तो फाटला का तेल पाण्यात शिरते अन् वर अशी साय येते. मंग सगळं इंजिन खोलाव लागते. मिस्त्रीसाठी ही मोठ्या कामाची खबर अन् मालकासाठी मौतीची.

मी म्हटलं, "प्रमोद, हेड गेलं लेका."

त्यानं चाकाले एक लाथ हाणली. मंग म्हणे, "मी विकतो ही गाडी. जशी आहे तशी विकतो अन् बोरगावले कंपनीत लागतो. तिथंच खोली करतो. वावर त्याइचं त्याइले लखलाभ. बैल विकले तव्हा घरात जो तमाशा झाला, आता गाडीचा होईन. मले नाही ऐकाचं."

तो रागात बोलला, पण नुसतं रागात नव्हतं ते. बोरगावची गाडी धरणारे पोट्टे मी पाहिले आहेत. आधी म्हणतात सहा महिने करतो, मंग वावर बटईनं जाते अन् मायबाप पोळ्याच्या दिवशी फोनची वाट पाहत बसतात. मी पाने काढाले लागलो. माझं काम हेड उतरवाचं, घर जोडाचं नाही.

तेवढ्यात एक मोटारसायकल आली. चालवणारा त्याइचा शेजारी नामदेव, अन् मागं धुतलेलं धोतर, नवी टोपी घालून तुळशीरामजी. गाडी बंद पडल्याचं गावात समजलं होतं. बुढा उतरला अन् पोराकडे न पाहता बाकड्यावर येऊन बसला.

"आले," प्रमोद मले म्हणे, पण ऐकू जाईन असं. "मजा पाहाले आले. आता गार वाटत असन."

तुळशीरामजीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. मलेच विचारलं, "मिस्त्री, लय लागलं का त्याले?"

"हेड गेलं जी."

"मरन का तो?"

मले राग आला. सणाचा दिवस, घरी पुरणपोळी, अन् इथं हे. मी म्हटलं, "अजी गाडी आहे ती! मरत नाही, माणसाले मारते."

प्रमोदले मी मागच्या हौदावरून पाणी आणाले पाठवलं अन् हेड खोलाच्या आधी रीत म्हणून इंजिनाच्या तेलाची पट्टी ओढून पाहिली. पहा, तेल पाण्यात गेलं तर पाणीही तेलात जाते. मंग तेल दुधाच्या चहासारखं दिसते. पण हे तेल चांगलं काळंभोर, साफ. मी पट्टी पुसून परत घातली, परत पाहिली. साफ. मंग पाण्यात तेल आलं कुठून?

मी ती साय बोटावर घेतली, चोळली. तेव्हाच घरून फोन आला. "अजी, येता का, का मी कुत्र्याले घालू पोळ्या?" अन् त्याच टाइमाले मले पुरणपोळीवरच्या तुपाचा वास आला. एक घडी मले वाटलं, भुकेनं डोकं फिरलं. फोनातून कुठं वास येते? मंग बोट नाकापाशी नेलं.

साजूक तूप! वाचणाऱ्याहो, मी रेडिएटरमध्ये हळद पाहिली, मासोळी पाहिली, एकदा तर बिडीचं थोटूक पाहिलं. पण घरचं कढवलेलं साजूक तूप माझ्या बापजल्मात पाहिलं नव्हतं.

मी खालचं बूच सोडलं. पिवळंधम्मक पाणी आलं, मधी मधी तुपाचे गोळे. थोडं आलं अन् अटकलं. तार घालून हलवलं तर एक हिरवा तुकडा निघाला. हातात घेऊन पाहिला. पळसाचं पान.

तूप, हळद, पळसाचं पान. आमच्या इकडच्या लेकरालेही सांगाव लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलाची खांदशेकणी असते. तूप-हळद कोमट करून पळसाच्या पानानं बैलाचा खांदा शेकतात, जिथं सालभर जू बसते तो खांदा. अन् त्याच्या कानात म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी बाकड्याकडे पाहिलं. तुळशीरामजी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहून राहिले होते.

मी पान मुठीत दाबलं. हेड वाचलं म्हणून मले आनंद झाला होता, पण त्याच घडीले भीतीही वाटली. सालभर न बोलणारा बाप, डोक्यानं तापट पोरगा, अन् त्यात हे. आता हा बुढ्याले म्हणन का तुम्ही मुद्दाम केलं. मंग बोरगावच काय, तो नागपूरच्याही पलीकडे जाईन.

प्रमोद बादली घेऊन आला अन् खालचं पिवळं पाणी पाहून थबकला. "हे काय?"

"हेड नाही गेलं," मी म्हटलं. "कचरा गेला आत. उंदीर... उंदरानं काही आणून टाकलं असन."

"उंदरानं?" त्यानं खाली बसून वास घेतला. "उंदरानं तूप आणलं? उस्ताद, मले चूत्या समजता का?" मंग त्याच्या डोक्यात काहीतरी भलतंच पेटलं. "करणी केली कोणी! कोणाच्या तरी डोळ्यात सलते माझी गाडी. काल संध्याकाळी कोठ्यात गाडीजवळ कोण आलं होतं? तू आला होता बे नामदेव!"

नामदेव बिचारा, ज्यानं सणाच्या दिवशी याच्या बापाले आणून सोडलं, तो म्हणे, "मी चहा प्याले आलो होतो!" पण प्रमोदनं त्याची कॉलर धरलीच. मी मधात पडलो, माझी आंगी फाटली, ती नवी होती.

"मिस्त्री," तुळशीरामजी उठून उभे राहिले. "म्या टाकलं ते. सांगा त्याले."

सांगाची काही गरज नव्हती, तो चार हातावर उभा होता. पण बुढा बोलला मलेच.

"सांजच्याले सवयीनं तूप तापवलं. हळद टाकली, पळसाचं पान तोडलं. कोठ्यात गेलो तं दावणीले कोनीच नाही. यानं खुंटे उपटले नव्हते, म्या उपटू देल्ले नव्हते. पन बैल कुठं हायेत? हेच उभं होतं तिथं. दिवसभर वढून आलेलं, आंग तापलेलं. म्हटलं, सालभर घरचं सगळं यानंच वढलं ना? मी तोंड फिरवून उभा राह्यलो तरी यानं वढलंच. मंग याचा खांदा कोन शेकन?"

नामदेवची कॉलर सुटली होती.

"तुम्हीच तं बाजारात वरडत होते मिस्त्री, का गाडी म्हनजे बैलच समजा. समजलो. पन त्याचा खांदा कुठं असते, मले काय मालूम? ते समोरचं झाकन उघडं होतं. हात लावून पाह्यला. सगळ्यात गरम तेच लागलं. म्हटलं, जू इथंच बसत असन. पानानं शेकलं. बूच ढिलं होतं, निघालं. आत पानी दिसलं, म्हटलं हे तोंड दिसते. मंग वाटीतलं राह्यलेलं पाजलं. पान हातातून आत गेलं, ते निघालं नाही, मंग बूच लावून टाकलं. त्याले आवतन देल्लं, आज आवतन घे, उद्या जेवाले ये." बुढ्यानं पिकपकडे बोट केलं. "तं हे जेवाच्या आधीच जुतून गेलं."

मी पहिले हसलो. खोटं कायले बोलू? इतका हसलो का पोट दुखलं. नामदेवही हसला. मंग मी प्रमोदकडे पाहिलं अन् माझं हसू बंद झालं. तो पोट्टा गाडीकडे पाहत उभा होता अन् त्याच्या नाकातून पाणी येऊन राहिलं होतं. बाप आपल्या गाडीले शिव्या देते असं तो सालभर समजत होता. अन् बापानं तिले जेवणाचं आवतन देल्लं होतं. त्यानं नाक बाहीनं पुसलं, बादली उचलली अन् मले विचारलं, "उस्ताद, पाणी गरम लागन का थंड?"

हा सवाल मात्र चांगला होता. रेडिएटरमधून गंज कसा काढाचा हे मले मालूम होतं. तूप कसं काढाचं हे कोणत्याच कंपनीनं सांगितलं नाही. मी घरी फोन लावला. "अवं, तुपाचं भांडं कशानं निघते?"

ती म्हणे, "गरम पाणी अन् धुण्याचा सोडा. जल्मात एखादं घासलं असतं तर मालूम असतं. भांडं कोणाचं आहे पण?"

"पिकपचं," मी म्हटलं. तिनं फोन ठेवून देल्ला.

मंग आम्ही चुलीवर पाण्याची घमेली चढवली. गरम पाण्यात सोडा घालून रेडिएटर भरला, गाडी चालू केली, केबिनमधला हिटर लावला म्हणजे पाणी कोनाकोपऱ्यात फिरते. भादव्याच्या तोंडावर हिटर! प्रमोद आत बसून घामानं निथळत होता. मंग बंद कराचं, थंड होऊ द्याचं, सोडाचं. पिवळं. परत भरा, चालवा, थंड करा, सोडा. अजून पिवळं. ते पाणी आम्ही डब्यात धरत होतो, कारण त्यात जुनं कूलंट असते. गोड लागते म्हणून कुत्रे-मांजरं चाटतात अन् मरतात. तुपाचं तर विचारूच नका, गल्लीतले सगळे कुत्रे पाहुणे होऊन आले होते. नामदेवले मी काठी देऊन त्याइच्यावर बसवलं.

तुळशीरामजी दर खेपेले खाली बसून पाणी पाहत. ओंजळीत थोडं घेऊन उन्हात धरत. "अजून हाये," म्हणत. मी म्हटलं, "तुम्ही घरी जा जी, सण आहे." ते म्हणे, "बैल धुतल्याशिवाय मी कधी जेवलो नाही." दुपार कलली तव्हा त्याइनं ओंजळ पाहिली अन् म्हटलं, "आता निवळ." मी पाहिलं. माझ्या हातूनही यापेक्षा साफ पाणी कधी निघालं नव्हतं.

साध्या पाण्यानं शेवटचं खंगाळलं, म्हणजे सोडा आत राहत नाही. मंग नवीन कूलंट. अर्धं कूलंट, अर्धं बॅटरीचं पाणी, हळूहळू ओताचं, नाहीतर आत हवा अडकते. बूच उघडं ठेवून गाडी चालू केली. बुडबुडे येत गेले, पाणी खाली बसत गेलं, मी वरून टाकत गेलो. बुडबुडे थांबले, बूच लावलं, पंखा फिरला, काटा मधात येऊन उभा राहिला. जागचा हलला नाही. प्रमोदले मी तव्हा चार शिव्या हासडल्या, का पाणी टाकून बूच ढिलं ठेवून, बोनट उघडं टाकून जाणारा तू, अन् करणी शोधते नामदेवाच्या चहात! त्यानं त्या घेतल्या अन् बोनट लावलं.

मंग मी तुळशीरामजीले मागं नेलं. "या, तुम्हाले खांदा दाखवतो." वाकून चाकाच्या वरचे लोखंडी पाटे दाखवले, एकावर एक रचलेले. "सगळ्या मालाचा भार याच्यावर पडते जी. पुढच्या साली इथं लावा. बाहेरून." बुढ्यानं खाली बसून पाट्यावर हात ठेवला. चिखल होता, तो तळहातानं पुसला. बराच वेळ दाबत राहिला, जसा बैलाचा खांदा दाबतात तसा. तूप संपलं होतं, पण हात तर होता.

नामदेवनं मोटारसायकल चालू केली. "चाला काका."

तुळशीरामजी उठले. मोटारसायकलकडे गेले नाहीत. पिकपच्या पलीकडच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. ते दार कसं उघडते हे त्याइले मालूम नव्हतं. प्रमोदनं आतून उघडलं. बुढा धोतर सावरून वर चढला, टोपी नीट केली अन् दार लावाले गेला. एकदा लागलं नाही, दोनदा लागलं नाही. मी बाहेरून जोरात लावून देल्लं.

प्रमोदनं चाबी फिरवली. दोघं समोर पाहून राहिले होते. मी काचेपाशी उभा होतो, म्हणून मले ऐकू आलं. बुढा समोरच पाहत म्हणे,

"हळू हाकजो. त्याचं जेवन हाये घरी."

म्हैस तिथं नव्हती. प्रमोदले थोडा वेळ लागला समजाले, का हे आपल्यालेच म्हटलं. मंग तो म्हणे, "हो बाबा."

त्यानं पहिला गियर टाकला, अन् पिकप सौंसरच्या रोडनं बंडीच्या चालीनं निघाली.